चूक की मुद्दाम

फाल्गुनात आलेल्या त्या पत्राला माणिक चिटणीसांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता गुरुपौर्णिमाही होऊन गेली होती.

पत्र हरवलं नव्हतं. ते त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होतं. काचेखाली ठेवलं म्हणजे रोज नजरेला पडेल आणि रोज टोचेल, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. काचेखाली गेलेली वस्तू चार दिवसांत टेबलाचाच भाग होऊन जाते. दातांच्या डॉक्टरांचं कार्ड आणि गॅसवाल्याचा नंबर यांच्यामध्ये ते निळ्या शाईचं पत्र गुण्यागोविंदानं नांदत होतं. कधी नजर गेलीच, तर माणिकराव तिथे चहाचा कप ठेवून देत.

त्यांच्या पत्नीला, जयूबाईंना, मात्र ते पत्र दिसत असे. टेबल पुसताना त्या एकदा तरी म्हणायच्याच, "चिटणिसांच्या घरात जन्माला आलात. तुमचे खापरपणजोबा शिंद्यांच्या दरबारात बसून दिवसभर पत्रांची उत्तरं लिहायचे म्हणे. आणि तुम्हाला एका पोरीच्या एका पत्राचं उत्तर होत नाही."

"ते दुसऱ्याच्या नावानं लिहायचे," माणिकराव म्हणत. "स्वतःच्या नावानं लिहायची वेळ आली असती, तर त्यांनीही काचेखालीच ठेवलं असतं."

सत्तरीला टेकलेले माणिकराव सॉफ्टवेअर लिहीत. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या घराच्या पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये कोंबलेल्या टेबलावर बसून ते हे काम तीसेक वर्षं करत आले होते. आधी ते एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले, ते बसलेच. मेडिकलच्या दुकानांना, भैरवगढच्या कापड-छपाईवाल्यांना, एखाद्या धर्मशाळेला लागतील तसे छोटे छोटे प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहून दिले. नोकर नाही, भागीदार नाही, दारावर पाटी नाही. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या मदतीच्या पानावर ते आपला पत्ता देत आणि खाली एक ओळ लिहीत : 'अडचण आल्यास पत्र लिहावे. फोन करू नये.'

उज्जैनचे दुकानदार ती ओळ वाचून हसत आणि फोन करत. ती ओळ खरी मानून पत्र लिहिणारी पहिली व्यक्ती म्हणजे ही ऋता.

ऋता रतलामची. नदीकाठच्या एका अन्नक्षेत्रासाठी माणिकरावांनी फार वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला होता. लोक तिथे आपल्या गेलेल्या माणसाची तिथी एका कार्डावर नोंदवून ठेवत. दरवर्षी त्या तिथीला त्या माणसाच्या नावानं जेवण घातलं जाई, आणि दोन दिवस आधी घरच्यांना तशी आठवण जाई. ती आठवण आता मोबाईलवर, नव्या पद्धतीनं जावी असं अन्नक्षेत्राच्या कमिटीला वाटलं. माणिकरावांनी डोळ्यांचं कारण सांगून हात वर केले. मग ते काम ऋताला मिळालं आणि माणिकरावांचा सगळा जुना कोड तिच्या हाती गेला. तो वाचून तिनं लिहिलं होतं :

'आदरणीय चिटणीसकाका, सा. न. फोन करू नये असं आपण लिहिलं आहे, म्हणून पत्र लिहिते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथीच्या गणितात वद्य पक्ष आला की आपण महिना एकानं पुढे ढकलला आहे. शेजारी आपली टीप आहे : घरचा सोडावा, गावचा धरावा. मला याचा अर्थ लागला नाही. ही चूक राहून गेली आहे, की हे मुद्दाम केलं आहे? दुसरं जरा आगाऊपणाचं आहे. इंदूरची नोकरी सोडून मी दोन वर्षं एकटीनं कामं करते आहे. घरचे म्हणतात, चूक केलीस. आपण इतकी वर्षं एकट्यानं काम केलंत, ते चूक म्हणून घडलं की मुद्दाम? आपल्यासारखी माणसं हे कुठे लिहून का ठेवत नाहीत? मला खरंच हवं आहे.'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. मुद्दाम. पण दुसऱ्याला टाळून पहिल्याचंच उत्तर पाठवणं माणिकरावांना उद्धटपणाचं वाटलं. आणि दुसऱ्यापाशी तर गाडी अडूनच बसली. त्यांनी कागद घेतला, 'अनुभव हा' एवढं लिहिलं आणि फाडला. पुन्हा घेतला, 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' लिहिलं आणि तोही फाडला. आपण कोण लागून गेलो अनुभव सांगणारे? सत्काराच्या शालीत गुंडाळून बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची त्यांना चीड होती. आपल्या पेनातून तोच सूर निघतो आहे हे पाहून ते स्वतःवरच वैतागले आणि पत्र काचेखाली गेलं.

सोमवारी सकाळी फोन वाजला. अन्नक्षेत्राचे मॅनेजर विक्रांतजी होते. माणिकरावांनी फोन विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला.

"चिटणीस साब, गजब हो गया! कल देवास से एक सेठजी आए. पिताजी की तिथि, सावन बदी तीज. पूरा कुनबा लेकर आए. यहाँ न थाली, न नाम, न मैसेज. मैं तो ज़मीन में गड़ गया. और उल्टा देखो, जिनकी तिथि पिछले महीने निकल चुकी, उनको मैसेज जा रहे हैं कि परसों आपकी माताजी की तिथि है. एक सज्जन तो फोन पे चढ़ बैठे. बोले, महीना भर पहले खीर-पूड़ी खिला चुके, हमारी माँ दो बार थोड़े ही मरी है!"

माणिकरावांना हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. "शुरू कब किया था?"

"रथयात्रा के दिन. शुभ दिन देखकर किया था. पूरा पखवाड़ा एक गलती नहीं! कमिटी ने लड़की को माला पहनाई, मिठाई बँटी. पूनम के बाद पता नहीं क्या भूत घुसा. सुदी वाले सब ठीक, बदी वाले सब गड़बड़."

भूत कोणतं ते माणिकरावांना कळलं होतं. ते त्यांच्या काचेखाली बसलं होतं.

"बुधवार को लड़की को बुलाया है," विक्रांतजी म्हणाले. "आप भी आ जाओ. दो लाइन लिख के दे दो कि काम कच्चा है. आप पुराने आदमी हो, आपकी बात का वज़न है. फिर हम इंदौर की किसी बड़ी कंपनी को दे देंगे. अकेले आदमी का क्या भरोसा, और अकेली लड़की का तो और भी नहीं."

"मैं भी अकेला ही था," माणिकराव म्हणाले, पण इतक्या हळू की पलीकडे पोचलं नाही.

जयूबाई स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होत्या. गावाच्या श्रावणाचा तो पहिला सोमवार. त्या मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन उज्जैनला आल्या तेव्हा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी आळीतल्या बायका श्रावण सुरू झाला म्हणाल्या, आणि ह्या कॅलेंडर घेऊन भांडायला गेल्या, की अहो अजून आषाढ आहे, पंधरा दिवस थांबा! आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात, इथल्या सुदीत, दोघांचं एकच नाव चालतं. वद्य, म्हणजे इथली बदी, सुरू झालं की घरी आषाढ आणि गावात सावन. तेव्हापासून भिंतीवर दोन कॅलेंडरं होती, एक बहिणीनं साताऱ्याहून पाठवलेलं आणि एक इथल्या मिठाईवाल्याचं. जयूबाई दोन्ही श्रावण पाळायच्या. श्रावणी सोमवारची महाकाळाची पालखी, इथली सवारी, भादव्यातही निघते ती आपल्याच लोकांसाठी, असं त्या शेजारणींना ठासून सांगत.

माणिकरावांनी फोनवरचं सगळं त्यांना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा उलथनं धरलेला हात थांबला.

"म्हणजे त्या पोरीनं तुमची ती ओळ काढून टाकली?"

"तिला ती चूक वाटली असणार. वाटणारच. महिना उगाच एकानं पुढे ढकललेला."

"पण हे तर मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. रतलामही माळव्यातलंच ना? तिला कसं नाही कळलं?"

"रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली असेल. घरात मराठी कॅलेंडर, शाळेत इंग्रजी महिने. इथल्या एखाद्या शर्मा-व्यासाच्या मुलाला ही चूक करता आली नसती, आणि पुण्याच्या मुलाला इथल्या तिथी हाताळाव्याच लागल्या नसत्या. ही चूक करायला आपल्यातलंच माणूस लागतं. तिला हे कोण सांगणार होतं?"

"तुम्ही," जयूबाई म्हणाल्या, आणि खिचडी ढवळायला लागल्या.

माणिकरावांनी रागारागानं काचेवरचा कप उचलला. पत्रावर चहाचा गोल डाग उमटलेला दिसत होता. निदान काचेवर होता, कागदावर नव्हता.

दुपारी पुतण्या रुचिर इंदूरहून आला. सवारीमुळे तिकडचे रस्ते बंद, म्हणून गाडी काकांच्या दारात लावून तो पुढे पायी जाणार होता. तो एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि काकांवर त्याचा जीव होता. एखाद्या जुन्या रेडिओवर असावा तसा. काकूंनी त्याच्यापुढे खिचडीबरोबर ही सगळी कहाणीही वाढली.

"एवढंच ना?" रुचिरनं खिशातून मोबाईल काढला. "काका, दोन मिनिटांत उत्तर लिहून देतो. तुम्ही फक्त सही करा."

तो मोबाईलशी पुटपुटला, बोट फिरवलं आणि मोबाईल काकांपुढे धरला. माणिकरावांनी चष्मा वर सरकवून वाचलं. 'प्रिय ऋता, तुझे पत्र वाचून मन भरून आले. स्वतंत्र डेव्हलपर म्हणून यशस्वी होण्याची सात सूत्रे पुढीलप्रमाणे. पहिले, स्वतःवर विश्वास ठेव.'

"हे कोणी लिहिलंय?"

"तुम्हीच, समजा."

"स्वतःवर विश्वास? मी आयुष्यात एकदाही ठेवला नाही! म्हणून तर प्रत्येक गोष्ट तीनतीनदा तपासतो. विश्वास असता तर माझा एकही प्रोग्रॅम टिकला नसता."

"काका, लोकांना असंच आवडतं. आमच्याकडे पोरं पहिला प्रोग्रॅम चालला की त्यावर व्हिडिओ काढतात. माझा प्रवास वगैरे."

"आणि दुसरा प्रोग्रॅम?"

"दुसऱ्याची गरजच पडत नाही मग." रुचिर हसला. "तुम्ही तीस वर्षं गप्प बसलात, म्हणून तुम्हाला दोन गल्ल्या ओळखतात. बाय द वे, ती महिन्याची भानगड ह्याला माहीत आहे. हे बघा, मी आत्ता विचारलं. अमान्त आणि पूर्णिमान्त. अगदी बरोबर सांगतोय."

माणिकरावांनी तेही वाचलं. अगदी बरोबर होतं. त्यांना जास्तच राग आला.

"तू विचारलंस म्हणून सांगितलं त्यानं. काय विचारायचं, ते तुला काकूनं सांगितलं होतं. त्या मुलीला कुठे माहीत होतं काय विचारायचं? तिला एवढंच दिसलं की काहीतरी विचित्र आहे. ते तिनं ज्या माणसानं लिहिलं त्याला विचारलं. मला!"

"मग द्यायचं होतं ना उत्तर," रुचिर म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो सरळ बोलून गेला आणि सवारी गाठायला निघाला.

दिवसभरात तेच म्हणणारं हे तिसरं माणूस. दुसऱ्या जयूबाई. पहिले माणिकराव स्वतः होते.

बुधवारी सकाळी माणिकराव अन्नक्षेत्रात पोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात होती. जयूबाईंनी दारातच सांगितलं होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कार्यालयाच्या खोलीत कमिटीचे चार जण गादीवर लोडाला टेकून बसले होते. खुर्चीवर, मांडीवर पाठीवरची बॅग घेऊन, तिशीची एक मुलगी बसली होती. तिनं लॅपटॉप उघडून ठेवला होता आणि ती एकाही माणसाकडे बघत नव्हती. रात्रभर शोधून चूक न सापडलेल्या माणसाचा चेहरा माणिकरावांना चांगला ओळखता येई.

"आइए, आइए," विक्रांतजींनी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "बस दो लाइन."

माणिकराव बसले. पेन उचललं, ठेवलं. वर्षानुवर्षं त्यांनी असली बैठक टाळली होती. अध्यक्ष म्हणत होते की भरोसा तुटला, सेठजी फिर कभी नहीं आएँगे. दुसरे एक जण म्हणत होते की लड़की ने टेस्टिंग ही नहीं की होगी.

"की थी," ऋता म्हणाली. "पूरे पंद्रह दिन आपके साथ बैठकर की थी. आप ही ने तो मिठाई..."

"मिठाई की बात मत करो बेटा," अध्यक्ष म्हणाले.

आणि तिथे माणिकरावांचं डोकं सटकलं. त्यांना स्वतःलाच नवल वाटेल इतक्या मोठ्या आवाजात ते बोलले. "विक्रांतजी, आपकी दादी की तिथि क्या है?"

विक्रांतजी गोंधळले. "दादी की? भादों बदी चौथ."

"मेरे घर के कैलेंडर में वही दिन श्रावण वद्य चतुर्थी है. दिन एक, चाँद एक, महीना अलग. हम मराठी लोगों का महीना अमावस को पूरा होता है, आपका पूनम को. इस लड़की ने अपने घर का महीना लगाया. इसलिए सुदी में सब ठीक चला और बदी में सब एक महीना पीछे चला गया. यह बात आप चारों को मालूम थी या नहीं?"

"यह तो बच्चे-बच्चे को मालूम है," अध्यक्ष म्हणाले.

"तो इसको बताई किसी ने?"

अध्यक्षांनी दुसऱ्यांकडे पाहिलं, दुसऱ्यांनी विक्रांतजींकडे.

"नहीं बताई, क्योंकि सबको मालूम है!" माणिकराव हात हलवत म्हणाले. "मेरे प्रोग्राम में लिखी थी. ऐसी लिखी थी कि मेरे सिवा कोई न समझे. इसने फिर भी चिट्ठी लिखकर पूछा. मुझे. फागुन में. मेरे पास पड़ी है. और मिठाई की बात तो मैं करूँगा. आधा महीना देखकर मिठाई कौन बाँटता है? पूनम और अमावस, दोनों निकल जाएँ तब काम को पूरा कहते हैं. यह तो आपको मालूम होना चाहिए था, अन्नक्षेत्र आप चलाते हैं!"

एवढं बोलून ते खाली बसले. उभे कधी राहिले हे त्यांना आठवेना. ऋता त्यांच्याकडे बघत होती. मग ती लॅपटॉपवर वाकली. तिची बोटं थोडा वेळ चालली आणि काढलेली ओळ परत जागेवर आली.

"तीज का कार्ड बताइए," ती विक्रांतजींना म्हणाली. "देवास वाले सेठजी का."

विक्रांतजींनी कार्ड वाचलं. पडद्यावर गेल्या रविवारची तारीख आली. मग त्यांनी आपल्या दादीचं कार्ड घ्यायला लावलं. तेही बरोबर आलं. अध्यक्षांनी वडिलांचं, दुसऱ्यांनी मावशीचं असं करत करत सगळ्यांनी आपापली माणसं तपासून घेतली आणि खोलीतला ताण हळूहळू उतरला.

"ठीक है," अध्यक्ष म्हणाले. "काम इसी के पास रहे. लेकिन दोनों पखवाड़े निकलने तक चिटणीस साब देखेंगे. आप ज़िम्मेदारी लेते हो?"

माणिकरावांना हा शब्द अजिबात आवडत नसे. "रोज देखूँगा," ते म्हणाले. "तीन-तीन बार."

बाहेर पडल्यावर ती त्यांच्या मागोमाग आली. फाटकापाशी दोघं उभी राहिली. तिथे गाय होती, तिला वळसा घालायचा की नाही हे कोणीच ठरवत नव्हतं.

"काका, म्हणजे पत्र मिळालं होतं."

"हो."

"मला वाटलं पत्ता बदलला असेल. मी तीन आठवडे थांबले. मग ती ओळ काढून टाकली."

"पत्ता तोच आहे," माणिकराव म्हणाले. यापेक्षा मूर्खपणाचं उत्तर त्या क्षणी देता आलं नसतं.

"दुसऱ्या प्रश्नाचं राहू द्या आता," ऋता म्हणाली. "मी घरी सांगून टाकलंय. पितृपक्ष झाला की नोकरी बघते. हे आजचं झालं ना, ते झाल्यावर घरच्यांपुढे बोलायला तोंडच उरत नाही. चूक तर झालीच."

माणिकरावांना पुष्कळ बोलायचं होतं. आत खोलीत हिंदीतून एवढं बोलले, आता मराठीतून एक वाक्य जुळेना. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात रिक्षा आली, स्टेशन म्हणून ओरडली, आणि ते म्हणाले, "खिडकीची जागा धर."

ती हसली, नमस्कार केला आणि गेली. खिडकीची जागा धर! माणिकराव घरापर्यंत स्वतःवर चरफडत आले. आज मुलगी समोर उभी होती, आणि त्यांनी तिला खिडकीची जागा धरायला सांगितली.

जेवण न करताच ते टेबलापाशी बसले. काच उचलली. ती उचलताना गॅसवाल्याचा नंबर खाली पडला. जयूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता त्या बाहेर जाऊन बसल्या. या वेळी त्यांनी एकही कागद फाडला नाही. खोडलं मात्र पुष्कळ.

'चि. ऋता, अनेक आशीर्वाद.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : मुद्दाम. हे पोस्टकार्डावर मावलं असतं.

दुसऱ्याचं उत्तर : चूक. गिरणी बंद झाल्यावर मी इंदूरला दोनदा मुलाखतीला गेलो आणि दोन्ही वेळा दारातून परत आलो. आत माणसं होती. म्हणून घरी बसलो. याला कोणी धाडस म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस. मुद्दाम ते पुढे झालं. भैरवगढच्या एका छपाईवाल्याला रंगांच्या मापांचा प्रोग्रॅम हवा होता. मी त्यांच्या अंगणात बसून राहिलो. ते ठसे उमटवत होते, मी बघत होतो, मला कोणी बोलायला लावलं नाही. काय हवं आहे ते बघून बघून कळलं. सायकलवरून परतताना वाटलं, आता कोणी बोलावून नोकरी दिली तरी हे सोडायचं नाही. एवढंच. यात शिकण्यासारखं काय आहे ते मला अजून माहीत नाही, पण तू विचारलंस.

लिहून का ठेवत नाही, हेही विचारलं होतंस. मला वाटायचं, मला माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असणार. आज कमिटीतले चौघे तेच समजून बसले होते आणि मला त्यांचा राग आला, म्हणून कळलं. माझ्यासाठी लिहिलेली टीप मी तुझ्यासाठी लिहिली आहे असं समजून चाललो. ती टीप अशी हवी होती : कार्डावरची तिथी गावच्या महिन्यानं लिहिलेली आहे, गणित मराठी महिन्यानं चालतं, म्हणून वद्यात एक महिना पुढे घ्यावा. तीच लिही. माझी काढून टाक.

नोकरी धरायची तर धर. पगार वाईट नसतो, आणि माणसांत राहून काही बिघडत नाही, असं म्हणतात. पण आजच्या दिवसामुळे धरू नकोस. तुला काहीतरी विचित्र दिसलं आणि तू विचारलंस. मी गिरणीत होतो तेव्हा माझ्या विभागातल्या एकानंही असं कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ज्याला विचारलं तो गप्प बसला, यात विचारणाऱ्याची चूक नसते. घरी हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. मला संकोच वाटेल, पण दाखव.

मदतीच्या पानावरचं "फोन करू नये" हे राहू दे, मला खरंच फोन जमत नाही. त्याखाली "उत्तर येईल" एवढं वाढव.'

सही करून त्यांनी तारीख घालायला वर पाहिलं. भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लटकत होती. क्षणभर विचार करून त्यांनी दोन्ही लिहिली : 'आषाढ वद्य षष्ठी (घरची), सावन बदी छठ (गावची).'

"चला," जयूबाई पायात चपला सरकवून दारात उभ्या होत्या. "तुम्ही एकटे गेलात तर वाटेतून परत याल."

टॉवर चौकात संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. पोह्याच्या गाड्यावर कढई चढली होती आणि पत्रपेटीला टेकून कोणीतरी मोटरसायकल लावली होती. माणिकरावांनी पाकिटावरचा पिनकोड वाचला. पुन्हा वाचला. तिकीट दाबून पाहिलं.

"अहो, तीनदा झालं."

"शेवटच्या परिच्छेदातलं ते 'खरंच' मी उगाच..."

"सोडा!"

मोटरसायकलवरून वाकून त्यांनी हात लांब केला. पाकीट फटीत अर्धं गेलं, अडलं, आणि मग आत गेलं. त्यांनी फटीत दोन बोटं घालून चाचपून पाहिलं.

"पडलं का?" जयूबाईंनी विचारलं.

"पडलं," माणिकराव म्हणाले.